दुसऱ्याच्या घड्याळावर

नव्वदच्या दशकात धुळ्याला माझा छोटासा कॅसेट स्टुडिओ होता. आत्याचा आवाज उतरत चालला होता. तो पुरता जाण्याआधी तिची कानबाई देवीची गाणी मला टेपवर घ्यायची होती. त्यासाठी हौसेने दोन डिजिटल यंत्रं आणली, तर गाण्यात मध्येच टकटक यायला लागली. म्हणून पुण्याहून एक माणूस बोलावला.

मला तो आधी आवडलाच नाही. सारखा मनगटावरच्या घड्याळाकडे बघायचा. त्याला संध्याकाळची एस.टी. गाठायची होती. यंत्रं मात्र त्याने झोपलेलं बाळ कुशीवर वळवावं तशी हळुवार फिरवली आणि दोघांमध्ये एक बारीक केबल जोडली.

"दोघं आपापल्या आतल्या घड्याळावर चालतात, म्हणून टकटक होते," तो म्हणाला. "आता हे दुसरं पहिल्याच्या घड्याळावर चालेल."

आत्याला काळजी वाटली. "मंग त्यानं घड्याळ बंद पडनं का, भाऊ?"

"नाही अक्का. ते आता ऐकायला लागलं."

आत्या गाऊ लागली. टकटक गेली होती. तिचा थकलेला, चिरका आवाज पांझरा नदीवरच्या उन्हासारखा खोलीभर सरकत राहिला. एक गाणं संपलं की ती दुसरं धरायची. तो कानाला हेडफोन लावून, डोळे मिटून बसला होता. खिडकीतला उजेड पिवळ्याचा तांबडा झाला.

मी त्याच्या खांद्याला हात लावला. "साहेब, तुमची एस.टी.?"

डोळे न उघडताच त्याने घड्याळ काढून खिशात टाकलं.

"जाऊ द्या," तो पुटपुटला. "मी आता अक्कांच्या घड्याळावर आहे."