दारूडी मावशीची कोरडी हळद

पनवेलच्या मासळी बाजारात बाकीच्या कोळिणी पापलेट ताजं असल्याचं ओरडून सांगत. आमची मावशी त्याच पट्टीत स्वतःबद्दल सांगे, "मी दारूडी हाय! पाच वरसं झाली, थेंब नाय घेतला! हलवा देऊ का, बाय?" पहिल्यांदा ऐकणारं गिऱ्हाईक दोन पावलं मागे सरे. मीही सरलो होतो. मावशीचा हिशेब सरळ होता. "पीत होते तवा सगला बाजार कुजबुजायचा. आता मीच वरडते. कुजबुजायाला काय उरतच नाय."

तिची माझी ओळख बाजारातली नव्हे, शाळेतली. मी मास्तर. दारू सोडू पाहणारी माणसं दर बुधवारी संध्याकाळी आमच्या शाळेच्या तिसरीच्या वर्गात बसत, आणि वर्गाची किल्ली माझ्याकडे असे. पंधरा-वीस पुरुष आणि एकटी मावशी. उरणच्या घरून पनवेलला येताना जासईला कंटेनरांच्या रांगेत रिक्षा अडकली, तर उरलेलं अंतर रिक्षावाल्याला शिव्या घालत कापून ती वेळेवर हजर. चिमुकल्या बाकावर गुडघे हनुवटीला टेकवून बसे. मी दाराबाहेर पेपर वाचल्याचं सोंग करत सगळं ऐकत असे. आतलं बोलणं बाहेर न्यायचं नाही, असा त्यांचा नियम. म्हणून इथे फक्त तेवढंच लिहितो, जे मावशी बाजारातही ओरडून सांगायची.

बंदरावर पहाटे मासळी उतरवताना बर्फात कोपरापर्यंत हात घालावे लागत, म्हणून आधी एक घोट. सगळेच घेत. पुढे बर्फ नसला तरी घोट लागू लागला. मग हात थरथरायचे, ते थांबवायला आणखी एक. "बापया प्याला तर त्याला उचलून घरी निजवतात," ती म्हणे, "बाय प्याली तर आतून कडी घालतात." सोडल्यावर पहिल्याच वर्षी ती एकदा घसरली. पुढच्या बुधवारी येऊन उभ्या उभ्या म्हणाली, "परवा प्याले. आता परत पयल्या दिसापासून. कोनाला हसायचा असंल तर हसून घ्या, मना उशीर होतंय." कोणी हसलं नाही.

मी मात्र 'कधीमधी'वाला. कधीमधी म्हणजे शनिवारी, पाहुणे आले तर, आणि पाहुणे गेले तर.

मग तिच्या मुलाचं, नरेशचं लग्न ठरलं. त्यांच्याकडे लग्नापेक्षा हळद मोठी. आधी देवापुढे दारूचा पेला ठेवायचा, त्याला नवरदेवाच्या आईने ओठ लावायचे, मग सगळा मांडव ओला. मावशीने पत्रिकेतच छापून टाकलं, 'आमच्या हळदीला दारू मिळणार नाही.' गाव हसलं. मलाही वाटलं, छापायचं म्हणून छापलंय. इतक्या लांब उरणला जायचं आणि पुरुषमंडळींत कोरडं बसायचं? वाटेत मी दारूची एक चपटी घेऊन पँटच्या खिशात कोंबली.

मांडवात नरेश पिवळाधमक होऊन पाटावर बसला होता. तेवढ्यात मावशीच्या धाकट्या दिराने कुठूनसा भरलेला पेला आणून देवापुढे ठेवला. "वयनी, देवाचा मान हाय. नुसता ओठ लावा."

वाजंत्री थांबली. मावशीने दोन्ही हात पदरात गुंडाळले.

"भावजी, देव पाच वरसं माज्यासंगती तिसरीच्या बाकावर बसलाय. त्याला सगला म्हाईत हाय. त्याला नारल चालतं."

"मंग आमी उठतो. सगली भावकी उठंल. उद्या वरातीला कोन येतं तां बघा."

"उठा. पर मटन शिजलंय, जेवून उठा. उपाशी पोटी राग बाधतंय."

अर्धा मांडव खरंच उठला, न जेवता. मावशीने उरलेल्यांवर नजर फिरवली आणि ती माझ्यावर येऊन थांबली. "मास्तर, खिशात काय बोंबील घेऊन आलाव?"

मांडव हसून फुटला. मी तो 'बोंबील' बाहेर काढला आणि तिच्यापुढे धरला.

"मना देऊ नका. मी हात लावनार नाय. देवाचा पेला नि तुमची चपटी, दोनी मागल्या दारी नेऊन ओता."

एका हातात पेला, एका हातात चपटी घेऊन मी वऱ्हाडातून चाललो होतो. तेवढी शांतता माझ्या वर्गात कधी झाली नाही. वाळूत दोन्ही रिकामे करून परत आलो, तर ती लग्नाची गाणी म्हणणाऱ्या धवलारणीवर ओरडत होती, "तू का गो गप? तुला पन पेला पायजेल? गा!"

वरात रोडावलेली निघाली. दोन वर्षं भावकीने तिला कुठल्या हळदीला बोलावलं नाही. "बरा झाला," ती म्हणाली, पण ते ओरडून नाही म्हणाली.

त्या दिवसापासून माझे शनिवार कोरडे झाले असं लिहायला आवडलं असतं. तीनच झाले. मग एका बुधवारी मी वर्ग उघडला, पेपर बाहेरच ठेवला आणि आत जाऊन बसलो. मावशी फक्त थोडी सरकली.

आधी प्यालेल्या दारूने तिचं यकृत खाल्लं होतं. ते कळायला आणखी चार वर्षं गेली. शेवटच्या आठवड्यात दवाखान्यात भेटायला गेलो, तेव्हा तोच धाकटा दीर खाटेच्या पायथ्याशी उभा होता. सकाळी अकराला त्याच्या तोंडाला वास येत होता. मी डोळे पुसायला लागलो, तर मावशी वैतागली.

"रडताव काय, मास्तर? माजा सासरा, माजा नवरा, मोठा दीर, सगले पिऊन गेले. मी शुद्धीत चालले. आमच्या घरान पयला नंबर माजा."

आणि मान उचलून, थेट बाजारातल्या आवाजात पायथ्याकडे म्हणाली, "ऐकताव ना, भावजी? दुसरा रिकामाच हाय."