चार टक्के उरले तेव्हा

बनशंकरीतले आमचे शेजारी ट्रक चालवतात. सगळे त्यांना अण्णा म्हणतात. डिझेल ट्रकची सवय इतकी की बॅटरीच्या ट्रकलाही निघण्यापूर्वी कान लावतात. आवाज येत नाही, तरी समाधानाने मान डोलावतात.

"पुन्हा चार्जिंग संपून रस्त्यात थांबलात, तर हा ट्रक विकून टाकीन," असं मालकाने बजावलं होतं. परवा मी त्यांच्यासोबत होसकोट्याला निघालो आणि नेमकं वाटेतलं चार्जिंग स्टेशन बंद निघालं. अण्णांनी एसी बंद केला, काचा उतरवल्या आणि ते ट्रक रिक्षापेक्षाही हळू चालवू लागले.

एक डिझेलवाला बाजूने ओरडला, "दोर देऊ काय, अण्णा?"

"ठेव, स्वल्प पुढे तुलाच लागेल!"

बॅटरीचे चार टक्के उरले असताना आम्ही होसकोट्याच्या गोदामात शिरलो. घामाने भिजलेले अण्णा ऐटीत उतरले आणि त्यांनी ट्रकला पुन्हा कान लावला. या वेळी मीही लावला.