सातेरीचं पांघरूण

कुसगावच्या केरबाच्या घरामागचं जुनं जांभूळ रस्ता रुंद करताना पाडलं. त्याच्या ढोलीत सातेरी मधमाश्या होत्या, केरबाच्या वडिलांच्या वेळेपासूनच्या. केरबानं मोहोळ अलगद कापून लाकडी पेटीत बसवलं. माश्या राहिल्याही. पण गारठ्यानं सातेरी पेटी सोडून उठून जाते, हे त्याला ठाऊक होतं. आणि आता गेल्या तर परत यायला जवळपास ढोलीचं एकही झाड उरलं नव्हतं.

ढोलीची भिंत वीतभर जाड, पेटीची फळी जेमतेम बोटभर. जूनमध्ये झड सुरू झाली तसा केरबा कामाला लागला. तळेगावच्या कारखान्यात काम करणाऱ्या सुहासनं, म्हणजे त्याच्या मुलानं, फोनवर सांगितलं, "आबा, थर्माकोल लावा." लावला. चार दिवसांत मुंग्यांनी त्यात बिळं पाडली. केरबानं तो ओरबाडून काढला आणि जुनी वाकळ गुंडाळली. ती रात्रीत भिजून इतकी जड झाली की पेटीच कलली.

शेवटी त्यानं मावळातला माणूस पावसाआधी जे करतो तेच केलं. सरपण, मोटरसायकल, ओटीची उघडी बाजू, सगळं जसं प्लॅस्टिकच्या कागदात बांधलं होतं, तशी पेटीही बांधली. माश्यांना ये-जा करायला तेवढं भोक ठेवलं.

पाचव्या दिवशी झाकण उचललं, तर आतून पाणी टपकत होतं. पोळ्याची कड बुरशीनं पांढरी झालेली, माश्या एका कोपऱ्यात गोळा होऊन बसलेल्या.

"भाताच्या पातेल्यावर झाकण ठेवल्यावानी केलंय तुमी," मागं उभी असलेली त्याची बायको सरूबाई म्हणाली. "आतली वाफ जाणार कुटं?"

"मग झाडात कुटं जात व्हती?" केरबा खेकसला.

"झाडालाच इचारायचं, व्हतं तवर."

केरबानं कागद टराटरा फाडला. राग कुणाचा आला होता, त्याचं त्यालाच कळेना. मग त्याला तोडलेलं खोड आठवलं. ढोलीच्या आत कोरडा, भुसभुशीत भुगा होता. ओल पीत असणार तो.

तो उठून भाताच्या गिरणीवर गेला आणि दोन पोती तूस घेऊन आला. मोठ्या खोक्यात पेटी ठेवून चारी बाजूंनी वीतभर तूस ठासलं. झाकणाच्या जागी नुसतं गोणपाट, त्यावर पुन्हा तूस, आणि सगळ्यावर पत्रा, पण खाली हवा खेळेल एवढा उचललेला. ये-जा करायला बांबूची नळी घातली, आत अंगठा जाईल एवढीच.

"आता हात लावायचा न्हाई," सरूबाईनं बजावलं. "ढोली काय रोज उघडून बगत व्हता?"

केरबा दिवसातून दहा वेळा पेटीपाशी जायचा आणि चरफडत परत यायचा. पाऊस थांबेना. नळीतून एक माशी दिसेना. गेल्या असतील, असं दोनदा म्हणून झालं, दोन्ही वेळा सरूबाई त्याच्यावर ओरडली.

श्रावणात एका दुपारी ऊन पडलं. नळीच्या तोंडाशी माश्या घुटमळताना दिसल्या. दोघींच्या पायांना पिवळा पराग होता. आत पिलं असल्याशिवाय एवढा पराग कोण आणतं? पण केरबाला धीर कुठला! त्यानं पत्रा उचलून तुसात हात घातला. तूस खडखडीत कोरडं होतं. तेवढ्यात एक माशी कानाला डसली, दुसरी भुवईला.

"सरू! न्हाई गेल्या गं!" तो कान धरून ओरडत आला. "आन बग, माज्यावरच उलटल्या!"

"बरं केलं. किती डोकं खाल्लंत त्यांचं," सरूबाई म्हणाली. "कान दावा हिकडं. न्हाईतर थांबा, आदी त्यो पत्रा सरळ ठेवून या."