भावजींचा चलता मकान

माझे धाकटे दीर मालोजीभावजी यांना आमच्या घरात कुणी शहाणं म्हणत नसे. आजोबा होळकरांच्या रिसाल्यात घोडेस्वार होते. थोरले भाऊ, म्हणजे आमचे हे, सरकारी कचेरीत हेडक्लार्क. आणि भावजी इंदुरात पोलोग्राउंडला बसच्या बॉड्या बांधायचे. कारखाना म्हणजे पत्र्याची शेड, दोन कारीगर आणि एक सदा रुसलेलं वेल्डिंगचं मशीन. लग्न केलं नाही. अंगानं अगदी काडी. "वहिनी, सगळ्या गाड्यांना बॉडी मी देतो, मला कोण देणार?" म्हणून स्वतःच हसायचे.

पण सासूबाईंच्या मनातलं पुरं केलं ते त्यांनीच.

सासूबाईंचं नाव द्वारकाबाई. दर नारळी पौर्णिमेला त्या खान नदीवर जाऊन नारळ सोडायच्या. त्यांची आजी कोकणातली, तिनं लावून दिलेला हा नेम. स्वतः त्यांनी समुद्र कधी पाहिला नव्हता. नदीला सांगायच्या, "बाई, तू जाशील तेव्हा दे त्याला." एकदा ह्यांनी नकाशा काढून दाखवलं की खान उत्तरेला जाते, तिचं पाणी फिरत फिरत पार कलकत्त्याच्या बाजूला पोचतं. सासूबाईंनी नकाशावर बोट फिरवून पाहिलं. मग म्हणाल्या, "म्हणजे आजीच्या समुद्राला माझा एकही नारळ मिळाला नाही. एकदा माझ्या हातानं द्यायचाय रे."

त्या वर्षी त्यांचे गुडघे फार धरले होते. दहा पावलं चालल्या की बसायच्या. बाहेरचं अन्नपाणी घेत नसत, धर्मशाळेत पाठ टेकत नसत. रेल्वेनं न्यायचं तर दोन दिवस उपाशी न्यायचं. "जमायचं नाही," असं हे म्हणाले आणि विषय संपला.

भावजींचा संपला नव्हता. त्यांनी भंगारातली एक बस उचलली आणि चार महिने शेडमध्ये काहीतरी ठोकत राहिले. श्रावण लागला तेव्हा मला आणि सासूबाईंना टांग्यातून तिथं घेऊन गेले. बसच्या आत दोन पलंग, पाण्याची टाकी, स्टोव्ह ठेवायला कोनाडा, डबे पडू नयेत म्हणून फळीला पट्टी आणि देव हलू नयेत म्हणून कडीचा देव्हारा. मागच्या दाराला उतरायला तीन पायऱ्या, दारात एक खुर्ची पक्की बसवलेली. कारीगरांनी त्याला नाव दिलं होतं, चलता मकान.

"आई, तुझं स्वयंपाकघर, तुझं पाणी, तुझे देव. आता बोल, चलना है?"

सासूबाईंनी आधी देव्हाऱ्याची कडी हलवून पाहिली. मग डोळे पुसले.

पंधरा ऑगस्ट शनिवारी आला होता, मध्ये रविवार, आणि सोमवारी नारळी पौर्णिमा. सियागंज बाजारातून मी पाच नारळ घेतले. हे म्हणाले, "समुद्राकाठी नारळ घेऊन जाणारे जगात आपण पहिलेच." पण त्यांनीही मंगळवारची रजा टाकली होती आणि दोन दिवस आधीपासून शिट्टी वाजवत फिरत होते. शनिवारी पहाटे आम्ही चौघं निघालो. 

रस्त्यावर ही गर्दी! सुट्टीचे लोक, ट्रक, आणि नाशिकला तर श्रावणी सोमवारसाठी त्र्यंबकला निघालेल्या बसगाड्यांची रांगच रांग. दोन तास अडकलो. तेवढ्यात मी पोळ्या करून घेतल्या. पोळीचा वास बसमधून येतोय म्हटल्यावर लोक खिडकीशी गोळा झाले. एकानं विचारलं, "सर्कस आहे का हो?"

"है ना भिया," भावजी म्हणाले, "वाघ आत कोट घालून पेपर वाचतोय." आत हे पेपर वाचत होते.

सोमवारी सकाळी सात वाजता डहाणूच्या अलीकडे एका गावाशी गाडी सुरूच्या झाडांतून वाळूत उतरली आणि भावजींनी ती वळवून समुद्राच्या बाजूला आलेलं मागचं दार उघडलं. सासूबाईंनी हात जोडले. पण समुद्र कुठंय? मैदानासारखी ओली वाळू आणि फार लांब एक पांढरी रेघ.

सासूबाई काठी घेऊन उतरल्या. मोजून आठ पावलं गेल्या आणि वाळूतच बसल्या. "मला पाहून मागे गेला का गं, सुहासिनी?" मी मनातल्या मनात रामरक्षा सुरू केली.

"आम्ही दोघं हातांची खुर्ची करून उचलून नेतो," भावजी म्हणाले.

"देवाकडे आपल्या पायांनी जातात. उचलून नेतात ती वेळ वेगळी," सासूबाई म्हणाल्या आणि दारातल्या खुर्चीत जाऊन तोंड फिरवून बसल्या. इतक्या लांब येऊन नारळ हातातच राहणार, असं त्यांचा चेहराच सांगत होता.

हिरमुसलेले भावजी जाळं विणत बसलेल्या एका म्हाताऱ्या कोळ्याकडे गेले. मी पाठोपाठ होते, त्यामुळे हे बोलणं मी माझ्या कानांनी ऐकलंय.

"बाबा, गाडी इथं राहू दिली तर चालेल ना?"

"आज भरती हाय."

भावजींचा चेहरा एकदम उजळला. "इथं? सुट्टीच्या दिवशी?"

"भरतीला कसली सुट्टी?"

"ये भी सही है. किती वाजता?"

"बारा-साडेबाराला पुरी येल. पुनवेची हाय, लई मोठी. पार त्या सुरूंपतुर."

"बाप रे, इतकी लाइन! आमचे आजोबा रिसाल्यात होते बाबा, आम्हाला भरतीचं मोठं कौतुक."

म्हातारा त्यांच्याकडे बघत राहिला. "कौतुक करा. पण गाडी मधी नको."

"बिलकुल नको."

आता इंदुरात भरती म्हणजे एक तर फौजेत, नाहीतर इस्पितळात. तिसरी भरती आमच्या बोलण्यात कधी येतच नाही. भावजींनी येऊन सांगितलं की सुरूपर्यंत पोरांची लाइन लागणार आहे, आपण मध्ये नको. मग त्यांनी गाडी मागे मागे घेत पाण्याच्या बाजूला चांगली शंभर पावलं खाली नेली. ह्यांनी कोट घातला. मोठे अफसर येतील, ओळख झालेली बरी. मी स्टोव्ह पेटवला आणि जास्तीचा नारळीभात टाकला, म्हटलं पोरं उन्हातान्हात उभी राहतील बिचारी.

अकराच्या पुढं मी भात उतरवला आणि पायरीखाली ठेवलेली चप्पल घ्यायला वाकले. चप्पल तरंगत होती.

तेव्हा कुठं डोक्यात उजेड पडला. इयत्ता सहावीचा भूगोल! चंद्र, पृथ्वी, सगळं पाठ केलं होतं, आकृतीला पैकीच्या पैकी मार्क मिळाले होते. तो शब्द समोर येऊन उभा राहिला आणि मी त्याला ओळखलं नाही.

"भावजी! ही ती भरती नाही!"

"मग कुठली?"

"ओहोटीबरोबर असते ती!"

भावजींनी धावत जाऊन गाडी चालू केली. मागची चाकं गरगर फिरली आणि वाळूत खाली गेली. पाणी पहिल्या पायरीवर आलं, मग दुसऱ्या. हे कोट सावरत पलंगावर चढले. भावजी गुडघाभर पाण्यात उभे राहून ओरडत होते, "आई, आत जा! मी चुकलो, सगळं माझं चुकलं, तू आत जा!"

सासूबाई उठल्या, पण आत गेल्या नाहीत. "सुहासिनी, हळदकुंकू आण. आणि भात."

"आई, पाणी चढतंय!"

"तू गप रे. पाहुणा दाराशी आलाय."

दाराची कडी धरून त्या एक पायरी उतरल्या. दुसरीवर पाय ठेवला तेव्हा पाणी घोट्यापर्यंत आलं. त्यांनी समुद्राला हळदकुंकू वाहिलं, भात सोडला आणि सियागंजातला नारळ दोन्ही हातांनी लाटेवर ठेवला. लाट मागे गेली. दुसऱ्या लाटेबरोबर नारळ परत आला आणि पायरीवर टक्‌कन आपटला.  भावजी ढकलायला पुढं झाले.

"हात लावू नकोस. माझ्या हातानं."

त्यांनी वाकून तो उचलला, कपाळाला लावला, ओठ हलवून काहीतरी पुटपुटल्या आणि पुन्हा सोडला. या वेळी तो गेला. लांबवर दिसत होता, काळा ठिपका. सासूबाई त्या ठिपक्याकडे पाहत मुलीसारख्या हसत होत्या. ते हसू मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

तेवढ्यात वाजतगाजत गावातली नारळाची मिरवणूक आली. नवे कपडे घातलेली तीसेक माणसं. त्यांनी आपला नारळ सोडला आणि मग आमच्याकडे बघून कपाळाला हात लावला. पाणी ओसरायला लागल्यावर दोर लावून त्यांनीच गाडी ओढली. इंजिन सुरूंच्या बाजूला होतं म्हणून वाचलं. "सांगितलं व्हतं ना, भरती हाय?" म्हातारा म्हणाला. भावजींनी काय समजलो होतो ते सांगितलं, तर तो हसत हसत वाळूत बसला तो उठेचना. उरलेला भात सगळ्या गावानं खाल्ला.

ह्यांनी कचेरीत तार केली, 'भरती के कारण देर'. गुरुवारी घरी पोचलो तर दारात कचेरीची दोन माणसं मोसंबी घेऊन उभी. "माताजी कौन से अस्पताल में हैं?" भावजी जिन्यातच खाली बसले, हसून हसून.

चलता मकान पुढं बरीच वर्षं शेडमध्ये उभा होता. मागच्या दाराखाली, दुसऱ्या पायरीच्या वर, खाऱ्या पाण्याची एक पांढरट रेघ उमटली होती. भावजींनी गाडीला दोनदा रंग दिला, पण तेवढी पट्टी कोरी ठेवली. नारळी पौर्णिमेला मग सासूबाई खान नदीवर गेल्या नाहीत. टांगा करून पोलोग्राउंडला जायच्या आणि त्या रेघेला हळदकुंकू लावून यायच्या.