थोरांच्या देखत

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार कुणाचे, असं कुणी विचारलं की मी आमच्या समोरच्या घरातल्या अर्जनवीसकाकांचं नाव घेतो. परंड्याच्या तहसील कचेरीबाहेर लिंबाखाली बसून ते लोकांचे अर्ज उर्दूत लिहून देत. संध्याकाळी घरी आले की पाय धुवायचे आणि ओट्यावर, स्वतःच्या म्हाताऱ्या वडिलांच्या देखत, धाकट्या मुलीला मांडीवर घ्यायचे.

तुम्हाला यात विशेष वाटणार नाही. पण निजामाच्या त्या काळात थोरांसमोर आपलं मूल उचलणं हा निर्लज्जपणा होता. "लाज न्हाय का वो?" असं कुणी म्हटलं की काकांचं उत्तर ठरलेलं, "माझंच हाय की. चोरून कशाला घेऊ?"

गल्लीतल्या बाकीच्या बापांना लाज भरपूर होती. "म्या नुस्ता खाकरलो की पोरं गप," हे मिशीवर हात फिरवत सांगायचे, जणू किल्ला सर केला. चार वर्षांची पोरं घाबरवायला केवढी ती मर्दुमकी! आणि अमीनसाहेबाचा, म्हणजे फौजदाराचा, एखादा शिपाई गल्लीत शिरला की हेच वाघ आतून कडी लावून बसत.

पोराला शाळेत घालायचा अर्ज लिहून घ्यायला असे बाप काकांकडे येत. वय विचारलं की डोकं खाजवत.

"तांबडा बैल घेतला त्या साली झालं बघा."

"बैलाचं वय काय?"

"घेतला तवा दोन दातांचा, आता आठ वर्सांचा हाय." हे मात्र तोंडपाठ!

काका रोज आपल्या एकेका पोराला विचारत, "आज काय बघितलंस?" आणि उत्तर संपेपर्यंत तंबाखूची डबीसुद्धा उघडत नसत. मुलीनं एका सरड्याची हकिकत दिवेलागणीपर्यंत लांबवली तरी. आमच्या दारातून मी हे ऐकायचो. मीही एक उत्तर तयार ठेवायचो. विचारणारं कुणी नव्हतं.

माझे वडील, आबा, बाजारात मापाडी, दिवसभर धान्य मापायचे. खाकरण्यात गल्लीत पहिले. "नापास झालास तर शाळा बंद," एवढंच ते माझ्या शिक्षणाबद्दल कधी बोलले. सातवीत मी उर्दूत नापास झालो आणि घरी न जाता काकांच्या ओसरीत दडून बसलो. काकांनी मुलीला कडेवर घेतलं, माझा हात धरला आणि आमच्या दारात उभे राहिले.

"मापाडी, पोरगं भ्यालंय. परीक्षेला न्हाय, तुम्हाला."

"बापाला भ्यायलाच पायजे."

"मग अमीनसाहेबालाच बाप म्हणा की. त्याला तुमीबी लई भिता."

आबांचा उचललेला हात तसाच खाली आला. माझी शाळा वाचली. पुढं वर्षभर संध्याकाळी काकांनी मला उर्दू शिकवली. पुस्तक उघडण्याआधी विचारायचे, "आज काय बघितलंस?" आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर मी झालो, तो त्या प्रश्नाच्या जोरावर.

रझाकारांच्या दिवसांत काका कुटुंब घेऊन सोलापूरला गेले, ते परतले नाहीत. समोरचा ओटा रिकामा पडला.

पुढं मी बायको आणि दोन महिन्यांचं बाळ घेऊन सुटीत घरी आलो. बायको आडावर गेली होती. आबा ओट्यावर बसले होते आणि बाळ घोंगडीवर पडून रडत होतं. मी आबांकडे बघितलं, मग खांबाकडे बघत बसलो. बायको पळत आली तेव्हा कुठं बाळ उचललं गेलं. गल्लीतल्या बापांना इतका हसणारा मी, बी. ए. च्या पदवीसकट त्यांच्याच रांगेत!

दुसऱ्या दिवशी मी काकांना पत्र लिहिलं.

"ती. काकांस सा. न.

काल तुम्ही इथं असता तर मी तुम्हाला खाली मान घालायला लावली असती. बाळ रडत होतं आणि मी थोरांची लाज सांभाळत बसलो. आज त्याला आबांच्या देखत ओट्यावर उचललं. आबा खाकरले. मी खाली ठेवलं नाही. ते जरा जवळ सरकले. मग हळूच म्हणाले, 'मान धर त्याची.'"