ठशावरचा कागद

"जाऊबाय, कोरताना तुम्हांला दिसलं नाय काय हो?"

यमुनेनं सगळ्यांसमोर मला विचारलं. समोर मामंजी होते, सासूबाई होत्या, आणि आंब्याचा व्यापारी आमच्याच छापखान्यातलं लेबल हातात धरून उभा होता. मी म्हटलं, "कागदावर असतं तेवढं मी कोरते. देव कुठल्या सोंडेचा ते काढणारीनं बघावं."

हे खोटं होतं. किती खोटं, ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगते. तुम्ही मला ओळखत नाही, तेवढंच सोपं.

रत्नागिरीत बंदराच्या वाटेवर मामंजींचा हातानं चालवायचा छापखाना होता. मिठाचा सत्याग्रह होऊन दोनेक वर्षं झाली असतील. लग्नपत्रिका, विड्यांची वेष्टनं, आंब्याच्या पेट्यांवरची लेबलं, असलं काम. अक्षरं शिशाच्या खिळ्यांची, पण चित्र हवं असलं की लाकडी ठसा लागे. तो मी कोरत असे. शाळा चौथीपर्यंत, नवरा तापानं गेलेला, मूल नाही. मामंजींनी एकदा कोरणी हातात दिली आणि माझा हात बसला. केसाएवढी रेघ मी लाकडात उभी ठेवायची. मामंजी गिऱ्हाइकाला सांगायचे, "मोठीच्या हातचा ठसा आहे, बघायचं काम नाय." — विधवेला घरात दुसरं काय मिळतं? मला एवढं मिळालं होतं.

पण मला चित्र सुचत नसे. कमळ, कलश, दोन हत्ती. जुन्या ठशावरून नवा, नव्यावरून आणखी एक.

मग धाकटा दीर लग्न करून मुंबईला गिरणीत परत गेला आणि यमुना आमच्याकडे राहिली. तिनं एकदा चुलीमागच्या भिंतीवर कोळशानं एक बाई काढली, तांदूळ निवडणारी, नुसती पाठ. पाठीवरून सासूबाई ओळखू येत होत्या. सासूबाई स्वतः हसल्या. मामंजींनी ते बघितलं आणि दुसऱ्या दिवशी तिला कागद आणून दिला.

तेव्हापासून काम वाटलं गेलं. यमुनेनं पातळ कागदावर चित्र काढायचं आणि कागद खळीनं लाकडावर उपडा चिकटवायचा — चित्राची बाजू लाकडाकडे. पाठीमागून रेघा दिसतात, त्या मी कोरायच्या. ठशात उलटं, म्हणजे छापल्यावर सुलटं. कागद उताणा लागला तर छापात डावं ते उजवं होणार. ती सुरुवातीला चुकायची. मीच तिला शिकवलं. दहादा शिकवलं.

व्यापाऱ्याला गणपती हवा होता. यमुनेनं काढला तो आंब्याच्या झाडावर, फांदीच्या बेचक्यात बसलेला, एका हातात अर्धा खाल्लेला आंबा, रस कोपरापर्यंत ओघळलेला. खाली उंदीर बाठा चोखतोय. सासूबाई म्हणाल्या, "मोदक काय वाईट होता गो?" पण व्यापारी पोट धरून हसला. "हाच! मुंबईचा दलाल पेटी उघडायच्या आधीच खूश." मामंजी मला म्हणाले, "मोठे, नीट कोर हो. असलं चित्र आपल्याकडे कधी झालं नव्हतं."

कधी झालं नव्हतं. मग माझे सहा वर्षांचे ठसे काय होते?

मी नीट कोरला. इतका नीट कधी कोरला नव्हता. उंदराची मिशीसुद्धा सुटली नाही. मामंजींच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता, त्यांनी माझ्या भरवशावर लेबलं छापली. पेट्यांना लावली, पेट्या बंदरावर गेल्या. आगबोट दोन दिवस आली नाही. पेट्या मुंबईला पोचेपर्यंत आंबा नासला. तो उन्हानं नासला हे व्यापाऱ्यालाही ठाऊक होतं, पण मुंबईच्या दलालानं लेबल परत धाडलं होतं: गणपती उजव्या सोंडेचा. त्या देवाला कडक सोवळं लागतं, लोक घरातसुद्धा ठेवायला भितात, आणि आम्ही त्याला हमालांच्या पायाखाली रचला होता. मग उन्हाला कोण दोष देणार?

आता ऐका. पहिला छाप मी काढला होता. सोंड मी पाहिली होती. तो कागद मी चुलीत घातला आणि ठसा मामंजींकडे दिला.

इथं थांबले तर तुम्ही म्हणाल, गप्प बसली, माणसं बसतात. मीसुद्धा स्वतःला पुष्कळ वर्षं एवढंच सांगत आले. पण हे अर्धं आहे.

यमुनेनं कागद बरोबर चिकटवला होता. उपडा. ती विहिरीवर गेली, खळ अजून ओली होती. मी कडेनं नख घातलं, कागद उचलला, उलटला आणि उताणा लावला. तळव्यानं दाबून बसवला. दुपारची वेळ होती, घरात कुणी नव्हतं, माझा हात कापला नाही. मग आठ दिवस मी ते कोरत बसले. आठ दिवसांत केव्हाही थांबता आलं असतं, नाही का?

त्या दिवशी सगळ्यांसमोर दिलेलं माझं उत्तर ऐकून यमुना खाली मान घालून म्हणाली, "मीच उताणा लावला असेन. माझं ध्यान नसतं." तिला ते खरं वाटलं. मामंजींनी तिचे कागद बंबात घातले. "ह्या घरात ती पुन्हा रेघ ओढणार नाय." ती दारात रांगोळी घालायची बंद झाली. सासूबाईंनी सांगितलं तरी घालेना.

पुढं काय होणार ते मला कळायला हवं होतं. व्यापारी म्हणायचे, मुंबईहून रंगीत लेबलं येतात, तुमचे दोन हत्ती कोण घेतो? मी पाटी घेऊन बसायची. आंबा काढला तर तो वांगं दिसे. हात होता, हाताला देण्यासारखं माझ्यात काही नव्हतं. दिवसदिवस मी कोऱ्या लाकडासमोर बसून राहिले आणि छापखाना डोळ्यांदेखत बसत गेला. शेवटी यमुनेपुढं पदर पसरला. "एकच काढ. मामंजींना मी सांगते."

"नको जाऊबाय," ती म्हणाली. "माझ्या हाताला गुण नाय. तुमचा चांगला ठसा माझ्यापायी फुकट गेला."

तेव्हा बोलायचं होतं. ती माझ्यासमोर होती, हातभर अंतरावर, आणि माझी कीव करत होती. मी पदर आवरला आणि उठले.

त्यानंतर दोन पावसाळ्यांनी ती पहिल्या बाळंतपणात गेली. मूलही गेलं. छापखाना मामंजींनी विकला, मग तेही गेले, सासूबाई गेल्या. दीर मुंबईहून परत आलाच नाही. माझं वय आता ऐंशीच्या पुढं आहे. दात नाहीत, पण नजर चांगली आहे आणि हात अजून कापत नाही.