सतरा नंबरचा बिल्ला

कचेरीनं फर्मान काढलं: फुटपाथवर बसणाऱ्याच्या छातीवर धातूचा बिल्ला हवा, नंबर ठोकलेला हवा, सोमवारपर्यंत. नसेल त्यानं गाशा गुंडाळावा. बिल्ला करून देणार कोण? ते फर्मानात नव्हतं.

चहावालीचा नंबर सतरा. अकरा वर्षांचा तिचा कोपरा. रविवारी दुपारी ती तात्यांच्या घरी आली आणि उंबऱ्यातच थबकली. तात्या त्याच कचेरीतले निवृत्त शिपाई. भंगारात निघालेलं एकेक अवजार त्यांनी आणून खिडकीखालच्या फळीवर मांडलं होतं. कागद कापायच्या सुरीखाली जुन्या साहेबांच्या नावाच्या ॲल्युमिनियमच्या पाट्या लोण्यासारख्या कापल्या जात होत्या. फायलींचा पंच पत्र्याला भोकं पाडत होता. पेन्सिली तासायच्या यंत्राला तात्यांनी दगडाची चकती बसवली होती; हँडल फिरवलं की पत्र्याची धार मऊ.

"हे शिकवलं कुणी, तात्या?"

"एकतीस वर्षं साहेबाच्या दाराबाहेर स्टुलावर बसलो. डोळे काय मिटून बसलो होतो?"

मग त्यांनी जावक पत्रांवर नंबर उठवायचं यंत्र काढलं. एक ठोका दिला की त्यातला पोलादी आकडा आपोआप पुढं सरकतो. सतरा लावला, लाकडी हातोडी उचलली. ठक, ठक. सतरावर अठरा बसला.

"झालं!" आतून काकू म्हणाल्या. "शाईचा पॅड कायम कोरडा, म्हणून जन्मभर दोन-दोन ठोके दिले यांनी. तेव्हा यंत्रात खटकी होती, दोनदा तोच आकडा पडायचा. खटकी मोडली म्हणून तर ते भंगारात आलं. माणूस निवृत्त झाला, हात अजून हजेरीवर."

दुसरी पाटीही तशीच गेली. उरली एकच. तात्यांनी हातोडी खाली ठेवली. "हात ऐकत नाही गं."

"नसेना का ऐकत. तुम्ही दोन ठोके द्या. पहिल्यानंतर तुम्ही यंत्र बोटभर उचलता, तेवढ्यात मी पाटी ओढते."

"बोटं जातील."

"उतू जाणारं पातेलं मी चिमट्याशिवाय उतरवते. मारा."

ठक. तिनं पाटी ओढली. ठक. अठरा फळीच्या लाकडात रुतला.

पाटीवर सतरा. नुसता सतरा, काठ न काठ कोरीव, छापखान्याला लाजवेल असा. तिनं त्यावरून अंगठा फिरवला, मग तात्यांच्या हाताकडे पाहिलं. याच हाताला कचेरीत कुणी घंटी वाजवल्याशिवाय ओळखत नव्हतं.

सोमवारी निरीक्षकानं बिल्ला उलटा-सुलटा करून पाहिला, नखानं आकडा खरवडला.

"कुठल्या कारखान्यातला?"

"तुमच्याच कचेरीतला, साहेब. तुम्ही फेकलेला."

त्यानं बिल्ला परत दिला. तिनं स्टोव्ह पेटवला आणि पहिला ग्लास झाकून तात्यांसाठी बाजूला ठेवला.